पुढे पळणारं घड्याळ

रामदासपेठेतल्या एका इस्पितळाच्या तळघरात कामिनीच्या ताब्यात दोन सर्व्हर होते. सगळ्या इमारतीच्या नेटवर्कवर नजर ठेवणं हे त्यांचं काम. एक राबायचा, दुसरा राखीव. पहिला पडलाच तर दुसऱ्यानं तत्क्षणी काम उचलायचं. त्यासाठी दोघांची घड्याळं तंतोतंत जुळलेली हवीत. मे महिन्यात राखीव सर्व्हरचं घड्याळ काही मिनिटं पुढे पळायला लागलं.

तिनं ते जुळवलं. जेवून येईतो पुन्हा पुढे. आतला सेल बदलला, तरी तेच.

मग एका सकाळी राखीवच्या पडद्यावर कॅन्टीनची लाइन लाल झाली. मुख्य सर्व्हरवर ती हिरवीच होती. घड्याळासारखंच हेही खोटं, म्हणून तिनं सोडून दिलं. थोड्या वेळानं कॅन्टीनची लाइन खरोखरच गेली. योगायोग, तिनं स्वतःला बजावलं; पण चहा तसाच निवला.

दुपारी आयसीयूचा नेटवर्क-स्विच लाल झाला. फक्त राखीववर.

त्याच स्विचमधून रुग्णांच्या हृदयाचे ठोके सिस्टरांच्या पडद्यावर उमटायचे. कळमेश्वरच्या देवाजींचं कालच ऑपरेशन झालेलं. कामिनीनं वर ड्युटीवर असलेल्या तंत्रज्ञ उन्मेषला फोन लावला. तो उचलेना. ती जिन्यानं धावली.

वर करपल्याचा वास भरला होता. स्विच जळून काळा पडलेला. पण देवाजींचे ठोके पडद्यावर संथ चालले होते. सगळ्या वायरी आधीच शेजारच्या जादा स्विचला लागलेल्या.

"कोणी केलं हे?"

उन्मेष हसला. "काय ताई! तुमीच तं आल्या होत्या ना मघाशी. 'लवकर बदल' म्हणून माह्या डोक्यावर उभ्या राहिल्या."

कामिनी बाकावर बसली. काचेपलीकडे देवाजींनी कूस बदलली. म्हातारा वाचला. बाकीचं मागाहून बघू, असं म्हणता म्हणता तिचे डोळे भरून आले आणि छातीवरचा धोंडा उतरला.

वॉर्डच्या मोठ्या सिस्टर सिंधूताईंनी पाणी आणून दिलं. "पी वं पोरी. आता कायले घाबरून राहिली? मघा तं किती शांत होती."

"मी?"

"अन् हे घे. टेबलावर विसरून गेली."

ओळखपत्र होतं. तोच फोटो, तीच मुडपलेली कड. नुकतंच अंगावरून उतरवल्यासारखं कोमट.

कामिनीनं हळूच गळ्याशी हात नेला. तिचं ओळखपत्र तिथंच लटकत होतं.