कुणाच्या घरची?

परभणीत वसमत रोडच्या त्या अपार्टमेंटमध्ये पार्किंगमधल्या हौदाचं झाकण लावणं हे सगळ्यांचं काम होतं, म्हणून ते कुणीच करत नसे. पाण्याची मोटार लावायची, हौद झाकायचा, ज्याची त्याची बारी ठरलेली. सोसायटीचा सेक्रेटरी सुगत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. सांगून सांगून तो थकला होता.

त्या दुपारी समोरच्या भागवतरावांची नात सृष्टी खेळता खेळता उघड्या हौदात पडता पडता वाचली. संध्याकाळी भागवतराव पेढे घेऊन सुगतच्या दारात आले.

"सर, तुमच्या आईनं वाचवलं पोरीला. दंडाला धरून मागं ओढलं."

"माझी आई? ती तर गावाकडं, चुडाव्याला असते."

"मग ती जांभळ्या लुगड्यातली म्हातारी? जिना झाडायलीय की रोज."

सुगतनंही तिला कित्येकदा पाहिलं होतं. जिन्यात ती अंग चोरून वाट द्यायची. वरच्या मजल्यावरच्या बन्सीधरची आई असेल, असं तो धरून चालला होता. दोघं वर गेले.

"न्हाई हो," बन्सीधर म्हणाला, "आमी तर तिला भागवतरावांकडची समजायलो होतो."

मग तिघांनी सगळी दारं वाजवली. जो तो शेजारच्या दाराकडं बोट दाखवत होता. बघता बघता सगळी बिल्डिंग सुगतच्या दारापुढं जिन्यात गोळा झाली.

तेवढ्यात खालून पावलं वाजली. ती म्हातारी एकेक पायरी चढत वर आली. पदर ओला होता. ओल्या सिमेंटचा वास येत होता.

"आजी," सुगतनं विचारलं, "तुमी कुणाच्या घरच्या?"

तिनं सगळ्यांकडं पाहिलं. तीच गोंधळली होती.

"असं काय विचारायलास रे लेकरा? बारी बदलली का? ह्या महिन्याला तुझ्याकडंच हाय की मी."

ती त्याच्या उघड्या दारातून आत गेली.

कुणी अडवलं नाही. सुटल्यासारखी माणसं आपापल्या घरात शिरली. कड्या लागल्या.

आत त्याची बायको सुकेशनी भिंतीला टेकून उभी होती.

"अहो, ह्या कोण?"

आतल्या खोलीतून म्हातारीनं हाक मारली, "कडूबाईला घोटभर पाणी दे रे लेकरा."

सुगतनं मांडणीवरचा पेला घेतला. तो स्वतः रोज ह्याच पेल्यानं पाणी प्यायचा. काठाखाली काहीतरी कोरलेलं बोटाला लागलं. त्यानं तो उजेडात धरला.

कडूबाई.

अक्षरं घासून घासून पुसट झाली होती.