फुप्फुसे स्वच्छ

वीज गेली होती. टीना आणि विक्की बाजेवर जवळ सरकले, तेव्हा कवडूकाका म्हणाले, "मनिष माह्या साडूचा पोरगा. त्यानं सोता सांगतलं म्हून सांगतो."

मागच्या तान्ह्या पोळ्याची रात्र. मनिष लाखनीच्या एका एक्स-रे सेंटरमध्ये कॉम्प्युटरवर बसतो. दगड फोडून खडी करणाऱ्या गिट्टी क्रशरच्या मजुरांची तपासणी झाली होती, निकाल सकाळपर्यंत पाठवायचा होता. कॉम्प्युटर एकेक रिपोर्ट वाचतो आणि त्यातला आजार शोधून माणसाच्या नावापुढे मांडतो. काम सोपं होतं, कारण सगळ्या रिपोर्टांत एकच वाक्य डकवलेलं. फुप्फुसे स्वच्छ.

फक्त गुलाब या मजुराच्या नावापुढे आलं, सिलिकोसिस. दगडाची धूळ छातीत बसून होणारा रोग.

"रिपोर्टात नोहोता तं मशीननं कोठून आनला?" विक्कीनं विचारलं.

"थेच तं."

गुलाबची बायको मंगलाबाई दुपारीच मनिषला विनवून गेली होती. "भाऊ, रिपोर्टात बिमारी आली तरच नागपूरले भरती करतेत. खरं थेच लिवजा."

मनिषनं गुलाबच्या एक्स-रेची फिल्म उघडली. दोन्ही बाजूंना पांढरे ठिपकेच ठिपके. त्यानं सेंटरच्या मालकाला, धनंजयला, फोन लावला.

"फिल्म पाहाले तुले कोनं सांगतलं? डॉक्टर होऊन राहिला का? क्रशरवाल्याले साफ रिपोर्ट पायजे. पुसून टाक अन् धाड."

मनिषनं पुसलं.

शब्द परत आला.

तो घरी जायला उठला. शटर वर जाईना. बाहेरून कुलूप नव्हतं. फोनही लागेना.

पुन्हा पुसलं. पुन्हा आला. आता खोलीत कोणीतरी श्वास घेत होतं. ओढून... थांबून... ओढून.

"कोन हाये?"

श्वास मानेपाशी आला. मग त्याच्याच छातीत. हवा पुरेना. एकदाचं संपावं म्हणून त्यानं डोळे मिटले. पुसलं. निकाल पाठवून दिला.

श्वास थांबला.

शटर एका बोटानं वर गेलं.

गुलाब त्याच रात्री गेला.

"अन् मनिषदादा?" टीनानं हळूच विचारलं.

काकांनी आवाज खाली आणला.

"दम लागते त्याले. चार पायऱ्या चढवत नाही. भंडाऱ्याले छातीचा फोटो काढला, नागपूरले काढला. सारेच लिहून देतेत, फुप्फुसे स्वच्छ. कोनी भरती करत नाही. क्रशर त्यानं जवळून पायला बी नाही... पन सकाळी त्याची उशी झटकली का गिट्टीची भुकटी पडते."