भेग नव्हे, वेल

दार वाजलं, तशी मी धावत गेले आणि उंबऱ्यावरच्या तरुणाच्या हातात कडेवरची चिमुरडी देऊन मोकळी झाले. "धरा जरा, दूध उतू जातंय!"

परतले तेव्हा तो अवघडून उभा होता आणि ती त्याचा टाय चघळत होती.

"कोणाचे बाबा तुम्ही?"

"अजून... कोणाचाच नाही. मी वृत्तपत्राचा वकील."

माझा चेहरा उतरला. आठवड्यापूर्वी त्याच वृत्तपत्रानं 'कोसळू पाहणारी घरे' या लेखाशेजारी आमच्या घराचा फोटो छापला होता. आईचं नि माझं पाळणाघर याच घरात. पंधरांतली अकरा मुलं दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली, म्हणून मी तक्रारीचं पत्र धाडलं होतं.

"आम्हाला न विचारता फोटो छापलात कसा?"

"रस्त्यावरून दिसणाऱ्या घराचा फोटो छापायला मालकाची परवानगी लागत नाही," तो हळुवारपणे म्हणाला. "पण त्याच्याशेजारी खोटं छापून तुमच्या कामाला धक्का लावला असेल, तर दुरुस्ती मागणं तुमच्या हक्काचं. कुठंय ती फोटोतली भेग?"

मी त्याला भिंतीपाशी नेलं. तिच्यावर निष्पर्ण वेल पसरली होती — फोटोत तीच भेग होऊन बसली होती. त्यानं बोटाच्या टोकानं एक काडी उचलली. खाली पोपटी कोंब. श्वासानंही मोडेल की काय, अशा जपणुकीनं त्यानं ती पुन्हा भिंतीला टेकवली... माझ्या आत उगीचच काहीतरी हललं.

"दुरुस्ती त्याच पानावर देऊ."

"कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत?"

"फोटोएवढीच मोठी."

पुढचे दोन दिवस तो मजकूर घेऊन आला, पण नजर कागदावरून हलेना.

"चहा तरी?"

"नको... आधी प्रकरण मिटू दे."

"इतके कंटाळलात आम्हाला?"

त्याचे कान लाल झाले, तो गेला.

शुक्रवारी छापून आलं : 'घर भक्कम आहे. भिंतीवर दिसते ती वेल.' सोमवारी अकरांतली दहा मुलं आपापली चप्पल उलटसुलट फेकत घरात शिरली. आईनं डोळे पुसले नि लगेच सगळ्यांना दटावलं.

संध्याकाळी तो दारात. हातात फाईल नाही, गळ्यात टाय नाही.

"आता काय राहिलं?"

"काही नाही. मिटलं."

"मिटवायची भारीच घाई होती तुम्हाला!"

"होतीच. समोरच्या पक्षाला... मनातलं काही विचारणं आमच्या कामात बसत नाही. आजपासून बसतं."

आतून आई ओरडली, "अगं, वकीलसाहेबांना आत तरी घे!"

"विचारा," मी म्हणाले. "पण माझ्या उत्तराला दुरुस्ती मिळणार नाही."

तो शब्द जुळवू लागला, अडखळला, पुन्हा जुळवू लागला — आणि प्रश्न पुरा होण्याआधीच मी 'हो' म्हणून बसले.