कालोलाइनेच्या बाजूचं फाटक

या, असे जवळ सरकून बसा. चटई ऐसपैस आहे, आणि रविवारचं जेवण झाल्यावर चर्चच्या या मागच्या खोलीत कुणालाच कसली घाई नसते. उपदेश ऐकलात, गाणीही पोटभर ऐकलीत. आता मी एक गोष्ट सांगतो. मी सितिवेनी, मूळचा टोंगा बेटांवरचा, इथे ऑस्ट्रेलियात रॉबिनव्हेलच्या बदामबागांत ठिबकच्या नळ्या दुरुस्त करतो. पाणी कुठे गळतंय ते शोधायचं, एवढंच मला येतं. जे शोधूनही सापडलं नाही ते कसं सांगावं, ते मला नीट जमत नाही. सांभाळून घ्या.

माझी थोरली बहीण कालोलाइने गेली तेव्हा झाडं हलवून बदाम पाडायचे दिवस होते. गावभर धूळ. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिसहून आली की ती माझ्या लेकीच्या, मेलेआनेच्या खोलीत बसायची, आणि आत्या-भाची दोघी संगणकावर तो चौकोनी ठोकळ्यांचा खेळ खेळायच्या. ठोकळ्यांची घरं, ठोकळ्यांचे डोंगर. त्यांचं एक शेत होतं, त्यात मेंढ्या, डुकरं, गाई. शेताच्या कुंपणाला लागून कालोलाइनेने स्वतःसाठी लाल दाराचं घर बांधलं होतं. मी ते फक्त बाहेरून पाहिलेलं. आम्हा टोंगनांत मोठे झालेले बहीण-भाऊ एका खोलीत बसत नाहीत, भाऊ बहिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही. खेळातलं असलं तरी ते घर तिचंच.

दफनानंतर मेलेआने रडली नाही. सतरा वर्षांची पोर. शाळेतून यायची, खेळ लावायची, जनावरांना गहू घालायची. विचारलं तर हो, नाही, एवढंच. फक्त रविवारी चर्चमध्ये उभी राहून गायची. आठवड्यातून तेवढीच ती मला परत मिळायची. आपण गेलो तरी चालेल पण हे गाणं जाऊ नये, असं वाटायचं मला.

एका सोमवारी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, एक मेंढी गेली."

"कुठे?"

"माहीत नाही. फाटक बंदच आहे."

इतक्या दिवसांत तिने आपणहून काही सांगितलं होतं. मी हातातला पाना खाली ठेवला आणि तिच्यामागून गेलो.

गळती शोधतात तसंच शोधलं. कुंपणाचा एकेक खांब पाहिला. कोपऱ्यात दाटी झाली की जनावरं कधी कधी कुंपणातून पलीकडे निसटतात, असं कळलं. कोपरे दगडांनी भरून काढले. कुंपणाशेजारचा एक ठोकळा उंच होता, त्यावरून उडी मारता आली असती, तो फोडला. लांडगे येतात म्हणे. सगळीकडे मशाली लावल्या. पुढच्या सोमवारी डुक्कर गेलं.

"खऱ्या डुकरांना चारा घालायला तुला माझी आठवण येते," माझी बायको फुसी दारातून म्हणाली, "आणि चौकोनी डुकरासाठी जेवण गार करून बसलायस. त्याचं मटण तरी मिळणार आहे का?"

"पोरगी बोलतेय, फुसी."

तिने ताट तिथेच आणून ठेवलं.

मग आम्ही काही जनावरांना नावं दिली. गळ्यात नावाची पाटी असलेलं जनावर त्या खेळात आपोआप नाहीसं होत नाही. मेलेआनेने नावं शोधली, मी पाट्या लावल्या. सोमवारी नेमकं नावाचंच गेलं. सगळ्यात पांढरी मेंढी, लोसे. बिननावाची जिथल्या तिथे.

आता एक गोष्ट ऐका, कारण मी याच गोष्टीपाशी अडून बसलो होतो. रविवारी आमच्या घरी काम नाही आणि खेळही नाही. शनिवारी संध्याकाळी मी स्वतः संगणकाची वायर भिंतीतून काढून फडताळात ठेवतो. म्हणजे ते शेत रविवारी कुठेच नसतं. नळात पाणीच नसेल तर गळेल कुठून? पण शनिवारी मोजलेली जनावरं सोमवारी एकाने कमी.

"कुणीतरी नेतंय," मी म्हणालो.

"हो," मेलेआने म्हणाली.

"कोण?"

तिने पडद्यावरून नजर काढली नाही. "ज्यांना विचारायची गरज नाही ते."

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. भावाच्या घरात बहिणीचा मान सगळ्यांत वरचा. आमच्यात तिला फाहू म्हणतात. पंगतीत कालोलाइने सगळ्यात मोठ्या डुकरावर बोट ठेवायची आणि ते तिच्या घरी जायचं. चटई आवडली, नेली. कुणी का विचारत नाही, कुणी मनातही आणत नाही. मी तर हसत उचलून द्यायचो. पण जिवंत बहिणीला देणं वेगळं. आणि ती जनावरं संपली की माझी पोर त्या पडद्यासमोर कशासाठी बसणार, कुणाशी बोलणार, हे मला दिसत होतं.

शेताला दोन फाटकं होती. एक आमच्या बाजूचं, एक लाल दाराकडे उघडणारं. शनिवारी दुपारी मी ते दुसरं फाटक काढलं आणि तिथे काळ्या दगडाची भिंत घातली. त्या खेळात त्याहून कठीण दगड नाही.

"बाबा," मेलेआने हळूच म्हणाली, "ते आत्याचं फाटक आहे."

"आत्या देवाघरी आहे, बाळ."

तिने पडदा बंद केला. मी वायर काढली.

रविवारी गाणं सुरू झालं. बायकांच्या ओळीत मेलेआने उभी राहिली, तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. ओठ शब्दांबरोबर हलत होते. ती घाबरली नाही. नुसती उभी राहिली, शेवटच्या कडव्यापर्यंत.

सोमवारी जनावरं पूर्ण होती. सगळी काळ्या भिंतीकडे तोंड करून उभी.

डॉक्टर म्हणाले घसा स्वच्छ आहे, दुःखाने होतं असं कधी कधी. आम्ही वाट पाहिली. आमचे पाळक घरी येऊन प्रार्थना करून गेले. फुसी मध आणि लिंबू घेऊन तिच्या मागे मागे फिरायची. रविवारमागून रविवार गेले. आता तर हो-नाहीसुद्धा नाही, मानेनेच सगळं. जनावर एकही कमी झालं नाही.

शेवटी एका दुपारी, मेलेआने शाळेत असताना, मी तिच्या खुर्चीत बसलो आणि ती भिंत फोडायला घेतली. तो दगड लवकर फुटत नाही. बोट दाबून धरावं लागतं. फुटल्यावर फाटक पुन्हा लावलं, उघडं ठेवलं, आणि लाल दाराकडे न बघता मान खाली घातली. बहिणीसमोर घालतात तशी.

"चुकलो," मी म्हणालो. "तुझं तुला. जे आवडेल ते ने."

शनिवारी वायर काढून फडताळात ठेवली.

रविवारी मेलेआने गायली.

पहिल्याच ओळीला पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या वळल्या. फुसीने माझा हात घट्ट धरला. भरदार आवाज, खालच्या सुरात, आणि दुसऱ्या ओळीच्या मध्येच दम घेण्याची ती लकब, जिथे कुणीच थांबत नाही.

बहिणीचा आवाज मी जन्मभर भिंतीपलीकडूनच ऐकला. माझी चूक होणं शक्य नाही.

म्हाताऱ्यांनी सरकून तिला मधली जागा दिली. ती बसली.

सोमवारी मी जनावरं मोजली. एकही गेलेलं नव्हतं.

मेलेआने आता बोलते, हसते, जेवते. सगळे म्हणतात, पोरगी सावरली. मी फोनमधली तिची जुनी गाणी लावून पाहिली, शाळेतली, वाढदिवसाची, दहा वर्षांची असतानाची. सगळ्यांत कालोलाइने गाते.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. माझ्या मेलेआनेचा आवाज बारीक होता. वरच्या सुरात जरासा थरथरायचा. तुम्ही तो ऐकलेला नाही, तरी लक्षात ठेवा. मला आता हे शब्द तेवढे आठवतात, आवाज नाही.