पुलाखालचा हात

‘बाई, तुमच्या मुलींनी पूल नाही, बाज बांधली आहे. हिच्यावर निजता येईल, पलीकडे जाता येणार नाही.’

किती वर्षं झाली... तो आवाज अजून तसाच ऐकू येतो. हसरा, किंचित घोगरा.

एकसष्ट सालचा माघ होता. अमरावतीतल्या तंत्रनिकेतनानं शाळांसाठी पूल बांधायची स्पर्धा ठेवली होती. चौघाचौघांचे गट, ज्वारीचे धांडे, बांधायला अंबाडीचा वाख, आणि दोन बाकांमधलं तीन हातांचं अंतर. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची.

‘तुम्ही त्यावर चढू नका, म्हणजे झालं,’ मी वळून म्हणाले. तो मोकळं हसला. मीही हसले. मग त्यानं नाव सांगितलं — गोपाळकृष्ण मुळे, तंत्रनिकेतनातून मुलींना शिकवायला आलेला — आणि माझं हसू ओठांवरच वाळलं.

हे नाव तीन वर्षांपूर्वी मजूर आमच्या अंगणात सांगून गेले होते. अकोल्याकडे एका नाल्यावरच्या पुलाचे टेकू मुळे ओव्हरसियरनं चार दिवस आधीच काढायला लावले. पूल कोसळला; खाली माझा भाऊ होता. त्या दिवसापासून मायनं जात्यावर लेकाच्या ओव्या म्हणणं सोडलं.

मी कुणाची बहीण, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. आधी तो चेहरा नीट बघून घ्यायचा होता... आणि बघता बघता पंधरा दिवस गेले. रोज चारच्या सुमारास तो यायचा. चौकोन कलतो, त्रिकोण का कलत नाही, हे मुलींना काड्या मोडून दाखवायचा. मला चिडवायचा, की बाई पुलापेक्षा पूल बांधणाऱ्यालाच जास्त तपासतात. त्याच्या बाहीवर कुसळ अडकलेलं असे. काढायला माझा हात पुढे होई — आणि मागे येई. घरी मायकडे पाठ करून मी भाकरी थापत बसे.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यानं विचारलं, होळीनंतर आईला घेऊन तुमच्याकडे येऊ का? मी उरलेले धांडे मोजू लागले.

दुसऱ्या दिवशी एकेका पुलावर किलोची मापं चढू लागली. दर वेळी तो आपला डावा पंजा पुलाखाली पसरून ठेवी. तीन पूल त्या पंजावर कोसळले. चौथा आमचा. अकरा किलो त्यानं पेलले, बाराव्याला वाख करकरला... मापं खाली आली. मुली रडू लागल्या. त्यानं रक्ताळलेला हात पाठीमागे लपवला आणि अकरा किलो म्हणजे थोडे नव्हेत, असं त्यांना समजावत राहिला.

पटांगण रिकामं झाल्यावर मी त्याची बोटं रुमालानं बांधायला घेतली. ‘काहून असं करता?’ घरची बोली तोंडातून निसटली.

त्यानं सारं सांगितलं. पावसाआधी काम उरकायची साहेबांची घाई, ते टेकू, तो आवाज, दुसऱ्याच दिवशी झालेली बदली, मग सोडलेली नोकरी.

‘खाली कोण होतं, हे मी विचारलंही नाही. नाव कळलं असतं, तर ते रोज ऐकू आलं असतं. तुम्ही हो म्हणण्याआधी हे तुम्हाला कळायला हवं...’

माझ्या हातात अर्धी गाठ होती.

‘श्रावण,’ मी म्हणाले. ‘श्रावण नत्थुजी वानखडे. माझा सख्खा भाऊ. मले पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.’

तो हात ओढून घेऊ लागला. मी सोडला नाही.

‘आईले आणू नका. आज एकटेच या. मायले हे तुमच्या तोंडून आयकू द्या. माय शिव्या देईन, कदाचित दार लावून घेईन...’ मी गाठ पक्की केली. ‘मी तुमच्या बाजूले बसीन.’