शुक्रवारची पांढरी गोळी

चौऱ्याहत्तर सालच्या त्या शुक्रवारी रिटायर झालेले दत्तोपंत मास्तर नुसत्या बिनसाखरेच्या चहावर दवाखान्यात गेले. साखरेसाठी लघवी तपासली, काचेच्या नळीत विटकरी रंग उतरला आणि डॉक्टरांनी मान हलवली.

"एका गोळीनं आता भागायचं नाही, मास्तर. पांढरी आहे तशीच, जेवणाआधी. जोडीला ही नवी, जेवण झाल्यावर. पण पांढरी पोटात गेली की अर्ध्या तासात ताट पुढ्यात पाहिजे. हयगय केलीत तर साखर एकदम उतरेल, घाम फुटून शुद्ध जाईल."

हे दत्तोपंतांना नवं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी हेच डॉक्टर, हेच शब्द. फक्त समोर त्यांची बायको कालिंदी होती. ती अंबाबाईचा शुक्रवार कडक पाळायची, दिवस मावळेपर्यंत पाण्याखेरीज काही घेत नसे. अशाच एका शुक्रवारी, "औषधाला उपास नसतो," म्हणत दत्तोपंतांनी तिच्या हातावर पांढरी गोळी ठेवली आणि ते शाळेत गेले. परतले तेव्हा ती स्वयंपाकघरात घामानं निथळून पडली होती. पुन्हा शुद्धीवर आली नाही. सगळे म्हणाले, हृदय बंद पडलं. जन्मभर पोरांच्या चुकांवर लाल शाई ओढणाऱ्या मास्तरांनी आपली ही चूक मात्र कुणाला सांगितली नाही, डॉक्टरांनासुद्धा.

घरी येताच त्यांनी ती कडू, पांढरी गोळी घेतली आणि आरामखुर्चीत ताटाची वाट बघत बसले. स्वयंपाकाला गडमुडशिंगी गावची तानाबाई याच महिन्यापासून येत होती. मंगळवार पेठेतली दुपार सुस्त होती. त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा सदरा अंगाला चिकटला होता. बोटं थरथरत होती. उन्हं कलली होती आणि घरात फोडणीचा वास नव्हता. ओला, आंबूस वास मात्र येत होता, घामाचा.

"तानाबाई... ताट?"

ती दारात आली. "आज उपास हाय न्हवं, मास्तर? बाई म्हनाल्या, चूल पेटवू नगंस. मास्तरांस्नी उठवू बी नगंस."

"कोण बाई?"

"आता मला काय ठावं? तुमच्यातल्याच असतील की. मघाधरनं आत बसल्यात. लई घाम आलाय त्यास्नी."

दत्तोपंत उठायला गेले, तर पाय उचलेनात.

"साखर आण... लवकर..."

तानाबाईनं आत वळून पाहिलं. तिचा आवाज एकदम खाली आला. "डबा त्यांच्याच मांडीवर हाय, मास्तर. द्या म्हनलं तर नुसत्या हसत्यात..."

डोळ्यांपुढं अंधारी आली. दत्तोपंतांना मरणाची भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज. तीन वर्षं मनात दाबलेलं तोंडाशी आलं.

"कालिंदी... मीच दिली गं ती गोळी. तू उपाशी आहेस हे ठाऊक असून... चुकलो मी."

आत डब्याचं झाकण वाजलं. पावलं जवळ आली. गार, ओलसर बोटांनी त्यांचे ओठ हलकेच उघडले आणि जिभेवर काहीतरी ठेवलं. तिनं माफ केलं असं वाटून त्यांना रडू आलं. त्यांनी जीभ फिरवली.

कडू होतं.

"तानाबाई..." त्यांनी कसेबसे डोळे उघडले. तानाबाई अजून दारातच उभी होती, पदर तोंडाशी धरून. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या खुर्चीशेजारी कुणीतरी होतं, तिकडे बघत होती.