कोरे खिळे

बाबांनी आयुष्यात एकही खिळा विकत घेतला नाही, असं थोरली सगळ्यांना सांगायची, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. जुन्या लाकडातून उपटलेले वाकडे खिळे पायरीच्या दगडावर धरून ते सरळ करत बसायचे. तीन ठोके, मग जरा थांबून खिळा फिरवायचा, पुन्हा तीन ठोके. त्या ठकठकीने घरादाराचं डोकं उठायचं. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. आता तळ्याकाठचं त्यांचं लाकडी घर दुरुस्त करताना थोरलीच्या हाती लागणारा प्रत्येक खिळा असा एकदा वाकून सरळ झालेला निघत होता. हातोडीचा पहिला घाव बसला की तो मान टाकायचा.

"नवे आण म्हणून किती वेळा सांगितलं तुला!" ती धाकट्या भावावर खेकसली.

"नवे आणले असते, तर छपराचे पत्रे कुठून आणले असते, ताई?"

ती आणखीच चिडली. भाड्याची खोली आज संध्याकाळपर्यंत सोडायची होती. आई तिथे सामान बांधून बसली होती. तिला पाठ टेकायला एक कोरडी जागा मिळावी, एवढंच थोरलीचं मागणं होतं. आणि इथे पुढच्या खोलीची जमीन मधोमध कुजलेली, दार एका बिजागरीवर लोंबतंय, छपरातून आभाळ दिसतंय.

मागची लहान खोली तेवढी बंद होती. तिच्या दारावर तीन आडव्या फळ्या ठोकल्या होत्या. थोरलीने वाकून पाहिलं आणि ती चकितच झाली.

"अरे, हे खिळे कोरे आहेत."

"बाबांनी? विकत घेतले?"

"मग काय झाडाला लागले?"

दोघंही हसली. मग धाकट्याचं हसू ओसरलं. "ताई, ज्या माणसाने जन्मभर खिळा विकत घेतला नाही, त्याने मुद्दाम नवे आणून हे दार ठोकलंय. काहीतरी असेल ना..."

"आपली सोय केली आणखी काय! खिळे फुकट, फळ्या फुकट. पक्कड दे."

बाबांचीच लेक ती. एकही न वाकवता तिने सगळे खिळे उपटले आणि पत्र्याच्या डब्यात टाकले. पुढच्या दाराची बिजागरी बसवायला ते नेमके कामाचे होते.

खोली रिकामी होती. कोरडी ठणठणीत. जमिनीवर धूळ नाही, कोपऱ्यात कोळिष्टक नाही, जणू कुणी सकाळीच झाडून घेतली होती. फक्त विहिरीच्या तळाला येतो तसा एक थंड वास होता.

"वर्षभर बंद होती, आणि इतकी स्वच्छ?" धाकटा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला.

"झाडायचं काम वाचलं. तू नको त्यात खोट काढू."

आईची खाट तिने तिथेच लावली. फळ्या पुढच्या खोलीतल्या भोकावर बसवल्या. धाकटा मित्राचा टेंपो घेऊन आईला आणायला गेला, आणि थोरली बाहेर खिडक्या पुसायला लागली.

उन्हं कलली तेव्हा आतून आवाज आला. ठक, ठक, ठक. जरा थांबून पुन्हा ठक, ठक, ठक.

"पुरे कर रे ते!" ती ओरडली, आणि मग तिला आठवलं, धाकटा तर गेलाय.

ती आत धावली आणि पाय थेट भोकात गेला. जमिनीवरच्या फळ्या गायब होत्या. तिन्हीच्या तिन्ही मागच्या दारावर परत ठोकलेल्या होत्या. या वेळी जुन्या, सरळ केलेल्या खिळ्यांनी. सगळ्या खिळ्यांची डोकी एका बाजूला कललेली. डावऱ्या हाताचं काम. बाबा डावरे होते.

तिला भीती वाटली नाही असं नाही, पण भीतीच्या आधी संतापच आला.

"बाबा, जिवंतपणी तुम्हाला छप्पर शाकारायला सवड झाली नाही, आणि आता आम्ही केलेलं काम उचकटताय? आई झोपणार कुठे? माझ्या डोक्यावर?"

पक्कड चालवताना तिचे डोळे मात्र भरून आले. ती ठकठक पुन्हा ऐकायला मिळेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. एक फळी निघाली, दुसरी निघाली. तिसरी कुणीतरी दाबून धरून ठेवल्यासारखी घट्ट होती. तिने भिंतीला पाय लावून तीही ओढून काढली आणि तिन्ही पुन्हा भोकावर टाकल्या.

दिवेलागणीला आई आली. धाकटा सामान उतरवून टेंपो परत करायला गेला. आई खाटेवर बसली, भिंतींवरून हात फिरवला आणि थोरलीकडे पाहून हसली. दिवसभराचा शीण थोरली क्षणात विसरली.

"छान केलीस हो खोली," आई म्हणाली. "हे ठोकतंय कोण पण?"

खाटेखालून आवाज येत होता. लाकडावर हलके हलके ठोके.

थोरली तिच्या शेजारी बसली. "घाबरू नकोस, आई... बाबा आहेत. दुपारपासून चाललंय त्यांचं."

आईने मान कलती करून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग तिने दोन्ही पाय हळूच खाटेवर घेतले.

"यांचा हात नाही हा," ती कुजबुजली. "हे तीन मारून थांबायचे. हे जे काही आहे... ते थांबतच नाहीये."

थोरलीने तिला दंडाला धरून उठवलं आणि पुढच्या खोलीत आणलं. लोंबकळणारं दार चौकटीत घट्ट बसलेलं होतं. तिने ढकललं, खांदा लावला. दार हललं नाही. खिडकीशी ठेवलेला कोऱ्या खिळ्यांचा डबा रिकामा होता.

दाराच्या बाहेरच्या बाजूने ठक, ठक, ठक झालं. जरा थांबून पुन्हा ठक, ठक, ठक.

"हे मात्र यांचंच," आई म्हणाली.

मागच्या खोलीतला आवाज खाटेखालून उंबऱ्यापर्यंत आला होता.